छोट्या तोंडाची नोट

ब्युनोस आयर्सच्या या बँकेत, तळघराला लागून, एक खोली आहे.
खिडकी नाही. टेबल, सहा खुर्च्या, नोटा मोजायचं मशीन.
एकोणीस वर्षं मी इथं लोकांची घरं मोजतो.
स्वतः भाड्यानं राहतो.

आमच्याकडे घर रोखीनं विकतात, डॉलरमध्ये.
पेसोवर कुणाचा भरवसा नाही, बँकेवर तर त्याहून नाही,
म्हणून माणसं घरातच दुसरं घर साठवतात
भिंतीत, गादीत, पिठाच्या डब्याखाली,
आणि एक दिवस ते सगळं पोटाला बांधून, वरून स्वेटर चढवून
भर डिसेंबरच्या उन्हात घामाघूम इथं येतात.

पुडकं सोडलं की वासावरून कळतं कुठं होतं ते.
डांबरगोळ्या. कॉफी. एकदा नुसता ओल्या चुन्याचा.
नाउएल आणि त्याच्या बायकोच्या नोटा गार होत्या,
चक्क गार, आणि त्यांना मटारचा वास होता.
"अकरा वर्षं," ती म्हणाली. पुढं काही बोलली नाही.

समोर ओफेलिया साबालेता. वय बहात्तर.
मातादेरोसमधलं घर सकाळी विकायचं,
त्याच पैशांत आल्माग्रोतला दोन खोल्यांचा फ्लॅट दुपारी घ्यायचा.
एक व्यवहार फिसकटला तर दुसरीकडचा इसार बुडाला.
तीन आठवडे घशाखाली घास उतरत नव्हता म्हणे.
घर पाहावं बांधून, म्हणतात.
विकून पाहा, असं सांगणारं अजून कुणी भेटलं नाही.

मशीन फडफडलं. ब्याण्णव हजार.
मग दलालाचे टक्के. नोटरी. मुद्रांक. थकलेली पाणीपट्टी.
मागच्या अंगणात कधीकाळी बांधलेली मोरी
नकाशात नव्हती, तिचा दंड.
ज्यानं त्यानं आपला वाटा उचलला,
बोलता बोलता पावाचा तुकडा मोडावा तसा, न बघता.
ओफेलिया बघत होती.
ओठ हलत होते. वजाबाकी चालली होती.

घराबद्दल काही म्हणाली नाही.
नवऱ्याचं नाव एकदाच आलं, कागदावर,
पुढं कंसात "मयत".

दुपारी तेच टेबल, त्याच नोटा,
आता मटारचा वास गेलेला.
ओफेलिया पलीकडच्या खुर्चीत.
फ्लॅटवाले दोघे भाऊ, कास्तेयानी.
थोरला नोट न नोट दिव्याकडे धरायचा.
एक बाजूला काढली. जुनी, छोट्या तोंडाची,
वरचा टकला म्हातारा बटणाएवढ्या चौकटीत,
कोपऱ्यात निळ्या शाईचा ठिपका.
"ही नको."
"सकाळी मी घेतली की."
"ते तुमचं सकाळचं."

नोट खरी होती. मी तसं सांगितलंही.
खरेपणाचा प्रश्नच नव्हता.
दलाल बाल्दोमेरो छताकडे बघत राहिला.
शेवटी मीच गेलो. कोपऱ्यावर, घड्याळाच्या दुकानामागे,
असल्या नोटा बदलून देतात.
"तोंड छोटं, भाव छोटा," तो म्हणाला.
नव्वद घेऊन आलो.

आणि तेव्हा ती रडली.
चव्वेचाळीस वर्षांच्या घरावर नाही,
टक्क्यांवर नाही, मोरीच्या दंडावर नाही.
दहा डॉलरवर.
पर्स टेबलावर उलटी केली: चष्मा, गोळ्यांचं पाकीट, बसचं कार्ड,
सकाळी द्यायची राहून गेलेली मागच्या जाळीची किल्ली,
चुरगळलेल्या पेसोंची चळत.
"राहू द्या हो," धाकटा म्हणाला.
थोरल्यानं मोजून घेतले.

सह्या झाल्या. सगळे गेले तरी ती रेंगाळली.
टेबलभर पुडक्यांची रबरं पडलेली, लाल, हिरवी.
"ही कुणाची?"
"कुणाचीच नाहीत."
एकेक उचलून मनगटावर चढवली, चांगली वीस-पंचवीस.
"तिथल्या स्वयंपाकघरात फडताळ आहे की नाही
बघायचंच राहिलं," म्हणाली, आणि जिना चढली.

किल्ली टेबलावरच.
खणात टाकली. तिथं अजून बऱ्याच आहेत.
कुणी मागायला येत नाही.